शोभेचे फुटस्टेप

अहो,

गाडी टोचन करून कागलला आमच्या वर्कशॉपात नेलीय. शांभवी गडहिंग्लजला माझ्या आईकडं हाय. खरचटलंसुद्धा न्हाय तिला, पण पार भेदरलीय.

काल घाटातल्या कच्च्या वाटेवर गाडी आडवी घसरून दगडावर आपटली. तुमचे ते दाराखालचे चकाकणारे फुटस्टेप वाकून थेट दारात घुसले. पोरगी आत अडकली. अर्धा तास ती रडत हुती आणि मी पहारीनं दार उचकटत हुते. खालचा पत्रा तर कागदासारखा फाटला, इंजिनचं सगळं ऑइल वाहून गेलं.

फुटस्टेपऐवजी चेसिसला आवळलेले जाड लोखंडी स्लायडर घेऊया, इंजिनखाली सहा एमएमची पोलादी प्लेट मारूया, असं सांगितलं हुतं की न्हाय? रोज तेच बनवते मी. तुम्ही मित्रांसमोर हसलात, "बायकांनी रंग सांगावा, लोखंड आम्ही बघतो."

आता लोखंड मी बघते. फुटस्टेप काढून आणून जिन्याखाली टाकलेत, मित्रांना दाखवा.

मी वर्कशॉपात चाललेय, भात कुकरात हाय. जेवून शांभवीला फोन करा. सकाळी तिनं विचारलं, "पप्पांनी तुझं का ऐकलं न्हाय?" ते तुम्हीच सांगा.

विद्याश्री