बारस सोडायचा डबा

११ जानेवारी, रविवार
सईचं टुमणं जिंकलं. स्लो कुकर घरात आला. पोरगी बारावीला, पण अभ्यास सोडून जपानी शिकतेय. गुरुवारी क्लासमध्ये प्रत्येकाने एकेक जपानी पदार्थ न्यायचाय. हिने निकुजागाला नाव दिलंय. निकु म्हणजे मांस, जागा म्हणजे बटाटा. मी म्हटलं, चिकन घालू. "आई, देन इट्स नॉट निकुजागा." बीफच हवं, तेही कागदासारखं पातळ कापलेलं.

जन्मात पहिल्यांदा बीफ विकत घेतलं. काउंटरवरच्या माणसाला इतकं हळू सांगितलं की त्याने तीनदा विचारलं. इथे शारजात ऐकणार कोण होतं? कराडहून माझी आई?

१२ जाने., सोम.
ट्रायल. कांदा, बटाटा, गाजर, वर मांस, सोया सॉस, साखर, मिरीन (तांदळाची गोड दारू, पण इथे बिनदारूची बाटली मिळते), आणि सुक्या माशाचं पाणी, त्याला दाशी म्हणतात. झाकण लावलं, लो वर आठ तास. ना शिट्टी, ना ढवळणं. माझा विश्वासच बसेना. शिट्टी झाल्याशिवाय शिजलं कसं म्हणायचं?

संध्याकाळी बसमधून उतरून घरी आले तर अख्खा मजला घमघमत होता. एक बटाटा चाखला. मग मांसाचाही एक तुकडा. छान होतं. हेच तर वाईट.

१४ जाने., बुध.
संक्रांत आणि एकादशी एकाच दिवशी. ऑफिसात दत्तूभाऊ जिना चढून वर आले, हातावर तिळगूळ ठेवला, "गोड बोला ताई. तशाबी तुम्ही गोडच बोलता."

दत्तूभाऊ आमच्या जबल अलीच्या गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतात. मी वरच्या मजल्यावर डॉक्युमेंटेशनला. ते माण तालुक्यातले, पन्नाशीचे, गळ्यात तुळशीची माळ. कामगारांच्या कॅम्पच्या मेसमध्ये डाळ आणि मटण एकाच पळीने वाढतात, त्यामुळे पूर्वी हा माणूस एकादशीच्या दुसऱ्या दिवशी खुब्जच्या रोटीवर आणि काळ्या चहावर बारस सोडायचा. वर्षभरापूर्वी मीच म्हटलं, दत्तूभाऊ, आजपासून तुमची बारस माझ्या घरची. हौस माझी. कुणी सांगितलं नव्हतं.

उद्या भाकरी आणि घेवड्याची भाजी. साडेचारचा गजर लावलाय. सईचं निकुजागा रात्रभर कुकरमध्ये राहील, सकाळी तयार.

१५ जाने., गुरु.
गजर कधी बंद केला, आठवत नाही. जाग आली पाच चाळीसला. बस सव्वासहाला. घेवडा निवडलेलासुद्धा नाही.

कालच्या चार पोळ्या होत्या. आणि ओट्यावर तो कुकर, मऊ झालेल्या बटाट्यांनी भरलेला.

चिमट्याने थोडे बटाटे वेगळे काढले. गाजरं काढली. चाळणीत घालून नळाखाली धुतले. मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली, वर कोथिंबीर. दिसायला आपली बटाट्याची भाजी. सई दारात उभी राहून बघत होती. मी म्हटलं, यल्ला, तुझा डबा भर, उशीर होतोय.

धुकं होतं, बस रांगत होती. मनात आलं, पोळी-लोणचं देऊ, हा डबा सांडला म्हणू. पण तसं केलं नाही.

आठ वाजता पॅन्ट्रीत दत्तूभाऊ वाट बघत बसलेले. डबा उघडला, डोळे मिटून नाव घेतलं, मग नेहमीप्रमाणे, "ताई, यात काही नाही ना?"
"काही नाही हो. बटाटा."
आपल्याकडे 'काही' म्हटलं की अंडं, मासा, मटण, सगळं त्यात आलं. मी 'काही नाही' म्हटलं.

खाल्लं त्यांनी. मी समोर बसून बघत होते.

१६ जाने., शुक्र.
डबा घासूनपुसून परत. "काय चव होती ओ! आमची आई बटाट्यात गूळ घालायची, तस्संच लागलं. आई गेल्यापासनं पयल्यांदा."

मी "हो का" म्हटलं.

म्हण आहे, खाई त्याला खवखवे. इथे खाणारा मजेत, खवखवतंय मला.

१८ जाने., रवि.
महेश, सईचा बाबा, आठवडाभर अबुधाबीला साइटवर असतो, सुट्टीला घरी येतो. त्याला सांगितलं. हसला. "अगं, बटाटाच खाल्ला ना त्याने? मांस काढलंस ना? खलास. त्याला कुठे कळणारे?"

सई आतून बाहेर आली. "आई, यू वॉश्ड देम. सो यू न्यू."
एवढंच म्हणाली आणि गेली. कार्टीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. खरं बोलली म्हणूनच.

बटाटा आठ तास त्या रसात मुरला होता. मी नळाखाली धरला दोन मिनिटं. त्याला धुणं म्हणत नाहीत.

२० जाने., मंगळ.
आगीतून फुफाट्यात. दत्तूभाऊंनी बायकोला फोनवर त्या भाजीचं इतकं कौतुक केलं की शालनवहिनींना रेसिपी हवी आहे. "ताई, एक व्हॉइस नोट टाका की."

टाकली. बटाटा, कांदा, गाजर, गूळ, फोडणी. मंद आचेवर. छान आवाजात सांगितली, एखाद्या कार्यक्रमात सांगावी तशी. माझी मलाच किळस आली.

२३ जाने., शुक्र.
वहिनींचा उलटा निरोप. "ताई, तुम्ही सांगितल्यावानी दोनदा केली. पर यांनी सांगितली तशी न्हाई लागत. काय ऱ्हातंय वो माझं?"

तुमचं काही राहत नाही, बाई.

पण लिहिलं, गूळ थोडा जास्त घाला.

२५ जाने., रवि.
आज दत्तूभाऊंचीच गोष्ट डोक्यात घोळतेय. एकदा बसची वाट बघताना सांगितली होती. सात वर्षांपूर्वी प्यायचे. कॅम्पमध्ये चोरून मिळायची. नोकरी गेलीच होती, घरी पाठवणार होते, सुपरवायझरचे पाय धरले म्हणून राहिले. त्या सुट्टीत गावी जाऊन महाराजांच्या हातून माळ घातली. "तवापासनं थेंब न्हाई. ताई, मी काय लई देवभोळा न्हाई. पर ही माळ हाय म्हणून मी हाय."

ज्यांच्याबरोबर प्यायचे ते दोघे अजून त्याच खोलीत राहतात.

सईला म्हटलं, सांगून त्यांना त्रासच होणार, मग कशाला? तर म्हणे, "यू आर डिसाइडिंग फॉर हिम. अगेन." हे 'अगेन' लागलं.

स्लो कुकर माळ्यावर टाकलाय. त्याचा काय दोष? तरी टाकला.

२७ जाने., मंगळ.
ठरवूनच गेले. दहाच्या चहाला पॅन्ट्रीत दोघंच.
"दत्तूभाऊ, त्या दिवशीच्या भाजीत माझी एक चूक झाली."
"मीठ? अवो, बरोबर हुतं."
"मीठ नाही."
आणि सांगणारच होते. शपथ. जिभेवर होतं ते 'ब'ने सुरू होत होतं, बाहेर पडलं ते 'मा'. "माशाचं पाणी होतं त्यात. सईचा जपानी पदार्थ. मला उशीर झाला आणि मी तेच बटाटे दिले."

त्यांचा हात गळ्याकडे गेला. माळ चिमटीत धरून बसले. चहावर साय आली.

मी म्हटलं, माफ करा.
तर म्हणतात, "न्हाई न्हाई. बरं झालं सांगितलं. दुसरं कुनी असतं तर गप बसलं असतं."

निम्मं खरं हे खोट्याहून वाईट. आता तर मी प्रामाणिकसुद्धा झाले.

२८ जाने., बुध.
त्यांनी गावी महाराजांना फोन केला. महाराज म्हणाले, अजाणता झालंय, नुसतं माशाचं पाणी, तर उद्याची एकादशी निर्जळी कर, सुटलास.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आणि दुसरं काही असतं तर?
"मग माळ उतरवायची. मे महिन्यात सुट्टीला गेल्यावर त्यांच्या हातनं पुन्यांदा घालायची. तवर गळा मोकळा." आणि हसले. "मोकळ्या गळ्यानं त्या खोलीत चार महिनं? नको रे बाबा."

२९ जाने., गुरु.
दत्तूभाऊ सहापासून पाळीवर. पाण्याचा थेंब नाही. जानेवारी असला तरी त्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये दुपारी डोकं भणभणतं. वरच्या खिडकीतून दिसत होते, पॅलेट उचल, ठेव, उचल, ठेव. दोनदा थांबून सीटवर मान टेकली. सुपरवायझर ओरडला, "क्या हुआ, हबीबी?" हात हलवून परत सुरू.

मी बाटली उघडली आणि बंद केली. दिवसभर पाणी प्यायले नाही. ढोंग नुसतं. मी न पिऊन त्यांची तहान थोडीच भागणार होती?

अर्ध्याच गोष्टीचं प्रायश्चित्त घेतोय हा माणूस. उरलेली अर्धी माझ्यापाशी आहे.

३० जाने., शुक्र.
चारला उठले. भाकरी, घेवडा, खर्डा. नवीन कढई, नवीन उलथणं.

पॅन्ट्रीत दत्तूभाऊ आले. ओठ फुटलेले, पण चेहरा एकदम हलका. दोन पेले पाणी प्यायले, मग जेवले, तिसरी भाकरी मागून घेतली. म्हणाले, काल संध्याकाळी पुन्हा महाराजांचा फोन होता. त्यांनी विचारलं, नुसता मासाच ना रे? पुन्हा एकदा विचारून घे त्या बाईंना.

"तुम्ही काय सांगितलं?"
"म्हणलं, महाराज, इचारायची गरज न्हाई. ताई खोटं बोलायच्या न्हाईत."

मी हातातली भाकरी खाली ठेवली. तोंडातून एवढंच निघालं, दत्तूभाऊ, आज सुटल्यावर लगेच बसमध्ये बसू नका. पाच मिनिटं थांबा. बोलायचंय. "थांबतो की," म्हणाले, "शालनसारखं रेसिपीचं काय असंल तर आत्ताच सांगा." नाही म्हटलं. संध्याकाळी.

दिवसभर एकही बिल धड टाइप झालं नाही. सांगितलं तर माळ उतरणार. चार महिने ती खोली, ते दोघे, आणि मी रोज खिडकीतून बघणार. नाही सांगितलं तर तो खोट्या माळेने फिरणार, आणि ती खोटी आहे हे जगात मला, महेशला आणि सईला माहीत. महाराजांचा फोन मीच लावू का? मीच विचारू, दुसरा काही मार्ग आहे का? की तेही त्यांच्या वतीने परत मीच ठरवणं झालं?

सईला मेसेज केला, आज सांगतेय. तिचा लगेच रिप्लाय. फक्त "ओके आई." पहिल्यांदाच पुढे काही शिकवलं नाही.

आत्ता चार पन्नास. खिडकीतून गेट दिसतंय. कॅम्पची पहिली बस भरून गेली. दत्तूभाऊ चढले नाहीत. पिशवी पायाशी ठेवून सावलीत उभे आहेत आणि वर माझ्या खिडकीकडे बघून हात हलवतायत.

वही बंद करते. खाली जाते.