आईचं उत्तरायण

तुळजापूर
२ फेब्रुवारी २०२५

चि. अनिरुद्धास ताईचे अनेक आशीर्वाद.

श्रियाचे मेसेज येतात, त्यावरून तुमचं पुण्यात बरं चाललंय असं धरून चालते. तिची बारावी तोंडावर आली. फार जागू देऊ नकोस. इथं थंडी ओसरली. अण्णांचा खोकला कमी आहे. कमलबाई दोन्ही वेळा भाकरी टाकून जाते. मी अजून सासरी भूमला परतले नाही, शाळेतून रजा वाढवून घेतली. सासरचे समजून घेतात.

एवढ्यासाठी पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मी सुरुवात केली की तू ‘अण्णांचं राहू दे’ म्हणतोस आणि बोलणं तिथंच थांबतं. शिवाय अण्णांनी हे तुला सांगू नको म्हणून बजावलंय. तरी सांगते.

सोलापूरहून डॉक्टरांनी आईला घरी न्या म्हटलं, ते तुला ठाऊक आहे. त्यानंतरचं ठाऊक नाही. तिला झोपता येत नव्हतं, उशांना टेकून बसून राहायची. एकेक श्वास ओढून घ्यायची. बघवत नव्हतं. आणि रोज सकाळी डोळे उघडले की एकच विचारायची, “संक्रांतीला किती राहिलं?”

मला आधी वाटलं, तिळगुळाचं वगैरे काही मनात असेल. मग एक दिवस कमलबाईच तिला म्हणाली, “माय, जिवाला इतकं कशापायी ताणताव? देवीचं नाव घ्या न् निवांत पडा.” तेव्हा आई बोलली. “दक्षिणायनात जायचं नाही गं मला. भीष्मसुद्धा थांबले होते.”

दर संक्रांतीला अण्णाच ती कथा सांगायचे. त्या क्षणी ते दारात उभे होते. तसेच ओसरीवर गेले. पुढचे दोन दिवस ते जेवले न जेवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते तिच्याजवळ येऊन बसले. तिचा हात हातात घेतला. आमच्यासमोर असं त्यांनी कधी केलेलं मला आठवत नाही.

“अगं, उत्तरायण लागलंय. कधीच लागलंय.”

“माझी समजूत नका काढू,” आई म्हणाली.

“समजूत नाही. अनिरुद्धनं लिहिलं होतं की.”

तुझा पेपरातला तो लेख. सहा वर्षं या घरात त्याचं नाव कुणी काढलं नव्हतं. आणि अण्णा तिला तुझीच वाक्यं सांगू लागले, कागद न बघता. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो. त्यामुळं सूर्य वळण्याचा दिवस आणि संक्रांत यांची शतकानुशतकं फारकत होत गेली. कधीकाळी दोन्ही एकत्र होती, आता सूर्य डिसेंबरातच उत्तरेकडं वळतो आणि संक्रांत मागाहून येते. याला अयनचलन म्हणतात. सगळं शब्दाला शब्द. फक्त शेवटचं वाक्य त्यांनी गाळलं. आपल्या भटजींच्या घड्याळाला चावी द्यायला कोणी उरलं नाही, हे. गावात ते वाचून कोण कोणाकडं बघून हसलं, ते तू पाहिलं नाहीस. पंचांगातही उत्तरायण बारीक अक्षरात डिसेंबरातच छापलेलं असतं, हे अण्णांना काय माहीत नव्हतं? पण आपल्या घराण्यात पूजेच्या संकल्पातलं अयन संक्रांतीलाच बदलायचं, आजोबा तसं करत आले म्हणून.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “मग तेव्हा त्याच्याशी का भांडलात?”

अण्णांनी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. म्हणाले, “तेव्हा तू आजारी नव्हतीस.”

“म्हणजे सूर्य फिरलाय?”

“फिरलाय.”

तिनं डोळे मिटले. त्या दिवशी तिनं पुन्हा संक्रांतीचं विचारलं नाही. दुपारी दोन चमचे पेज घेतली, कमलबाईला तिच्या पोराचं विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी तिचे केस विंचरत असताना, ती गेली. संध्याकाळी तू आलास. अण्णा तुझ्याशी बोलले नाहीत आणि तूही दहाव्याला थांबला नाहीस. तुझा त्या विधींवर विश्वास नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दहावा भोगीच्या दिवशी आला. विधी अण्णांनीच केले. उमाशंकर गुरुजी सांगत होते आणि अण्णा मागून म्हणत होते. संकल्पात गुरुजी ‘दक्षिणायने’ म्हणाले आणि अण्णा थांबले.

“उत्तरायणे म्हणा.”

“काका, संक्रांत उद्या आहे.”

“माहीत आहे.”

“आम्हाला तर तुम्हीच शिकवलं, संक्रांतीशिवाय बदलायचं नाही म्हणून.”

“व्हय, शिकवलं. पण तिला मी शब्द दिलाय.”

चार लोक एकमेकांकडं बघायला लागले. गुरुजी ‘उत्तरायणे’ म्हणायला तयार होईनात. तेव्हा अण्णांनीच तो संकल्प पहिल्यापासून म्हटला, एकट्यानं, ‘उत्तरायणे’ म्हणून. आवाज खणखणीत होता.  आता लोक काय बोलतात ते लिहीत नाही. पाडव्याचं पंचांगवाचन यंदापासून उमाशंकरकडं दिलंय. एका तोंडानं दोन गोष्टी सांगता येत नाहीत, असं अण्णा म्हणाले.

इतकंच असतं तर मी लिहिलं नसतं.

परवा अण्णा ओसरीवर बसले होते. मी चहा नेला तर म्हणाले, “मी सांगितलं नसतं, तर ती संक्रांतीपर्यंत थांबली असती का गं?”

मी म्हटलं, अण्णा, तुम्ही तिला सोडवलंत. ते म्हणाले, “सोडवलं की फसवलं, तेच कळंना झालंय. म्या आपलं पोराचं बोलणं पाठ म्हणून दाखवलं. ते खरं आहे का, हे मला कुठं बघता येतं?”

अनिरुद्ध, मी मराठी शिकवते. मी त्यांना शंभर वेळा ‘खरं आहे’ म्हटलं तरी ते लेकीचं सांत्वन होतं. ते खरं आहे, हे त्यांना पटवून देऊ शकेल असा या घरात एकच माणूस आहे. माफी मागू नकोस, त्यांच्याकडूनही अपेक्षा ठेवू नकोस. आईबद्दल बोलवत नसेल तर तेही बोलू नकोस. नुसता ये, त्यांच्याशेजारी बस, आणि सूर्य खरंच फिरला होता एवढं त्यांना समजावून सांग.

ते तुला बोलावणार नाहीत. मी बोलावते आहे.

तुझी,
आईच्या माघारी या घरात थांबलेली
ताई