कलमाभोवतीचे हात

बाबा, चौदा ऑगस्ट, सकाळी सव्वादहा. मी नववीत. पालघरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात मी आईसाठी हात जोडले आणि तुम्ही ते धरून वेगळे केलेत. "बाय, पुरावा हाय का? नाय ना? मंग हात खाली." आई दुपारी गेली. तिच्यासाठी मी काही मागितलंच नाही, तुमच्यामुळे.

त्याआधी आपले वाद मजेचे असत. कॉन्व्हेंटमधला ताजा युक्तिवाद घेऊन मी वाणगावला वाडीत यायची: घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी असणारच, तसं जग आहे म्हणजे देव असणारच. तुम्ही चिकूच्या झाडावरून ओरडायचात, "मंग त्या घड्याळजीला कोणी केला? इचार तुझ्या शिस्टरला!" मी विचारलं, आणि तुमच्या वतीने तासभर वर्गाबाहेर उभी राहिले.

पुढे बोईसरला औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत जन्म काढला. तपासल्याशिवाय एकाही पिंपावर सही केली नाही, की कुठल्या देवळात हात जोडले नाहीत. तुमच्या चितेसमोरही हात खालीच होते.

निवृत्त होऊन वाडीत आले. यंदा पावसाळ्यात भेटकलमं मीच बांधली. खुंटासाठी रायणीचं पिशवीतलं रोप चिकूच्या फांदीशी आणायचं, दोघांची साल तासायची, जखमेवर जखम ठेवून पट्टी आवळायची. पेशी कशा जुळतात ते मला विचारा, फळ्यावर काढून दाखवीन. तरी काल त्यातल्या एका पट्टीशी उभी होते आणि अंगावर काटा आला. आत एक झाड दुसऱ्या झाडाला आपलं म्हणत होतं, अगदी गुपचूप, आणि त्यात माझं काहीही काम उरलं नव्हतं.

माझे तळवे आपसूक कलमाच्या दोन्ही बाजूंना टेकले. आणि तुम्ही दिसलात. आई गेली त्याच पावसाळ्यात तुम्ही असेच उभे होतात, तळव्यांत कलम धरून, डोळे मिटून.

"काय करताय?"

"ऊब देतो."

"जुळलं का?"

"कापल्याबिगर कळत नाय, बाय."

ऊब! श्रावणातल्या दमट उकाड्यात! आणि ती द्यायला डोळे कशाला मिटावे लागतात?

खुलासा हवा. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ठाऊक आहे मला. घडी करून डब्यात ठेवणार आहे. तरी मुदत देते. रविवारी सकाळी मी जोडाखाली चिकूची फांदी कापणार, त्याच्या आत लेखी उत्तर द्या: ती ऊब होती की नमस्कार? उत्तर नाही आलं, तर कलम काढून घेतल्यावरही मी हात तसेच, तळव्यासमोर तळवा, ठेवणार आहे.