मल्लव्वाच्या रानातला पॉइंट

निंबर्गा, ता. आळंद
बसवजयंतीच्या आधीचा शनिवार

प्रिय शैलू,

तुझ्या अक्काचा तुला पोटभर आशीर्वाद. हे पत्र आपल्या गावातल्या वीरेशच्या हाती देतेय. तो उद्या बेंगळुरूला चाललाय. त्याला बजावलंय, गेटावरच्या माणसाकडं ठेवून येऊ नको, शैलूच्या हातात दे आणि ती वाचेपर्यंत तिथंच उभा राहा. तू म्हणशील, फोन सोडून अक्काला हे काय सुचलं. अगं, मला फोन म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, तुझ्या अप्पाचा, तो त्याच्या खिशात असतो, आणि कानानं अधू असल्यामुळं मी बोलायला लागले की अर्ध्या निंबर्ग्याला ऐकू जातं. जे लिहायचंय ते गावानं ऐकण्यासारखं न्हाई.

घरी सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, पण तसं नाही. तुझी आई गिरणीला जायची बंद झालीय. दळण शेजारच्या पोरीबरोबर पाठवते आणि दारात उभी राहून वाट बघते. कामून, ते पुढं सांगते. आधी तुझं सांगते, कारण हे सगळं तिथूनच सुरू झालंय, तुझा दोष नसताना.

लहानपणी उन्हाळ्यात तू भेगाळलेल्या काळ्या रानात पालथी पडून भेगांत डोकावायचीस. फ्रॉक मातीनं माखलेला. आई ओरडायची आणि मी म्हणायचे, राहू दे, पोरीचं काहीतरी हरवलं असंल. हरवलं काहीच नव्हतं, तुला भेग आत कुठवर जाते ते बघायचं होतं. पुढं कलबुर्गीला जमिनीचं शिकलीस, मग डॉक्टर झालीस ती दगडांची, तरी समोरची म्हातारी गुडघा दाखवायला आलीच होती. लडाखच्या उजाड डोंगरात जाऊन राहिलीस, मंगळासारखी जमीन आहे म्हणून. चुलीपुढं बसून तू मला समजावलं होतंस, की अक्का, आम्हाला ती जमीन हातात घेता येत न्हाई, वरून काढलेल्या फोटोत सावली कुठं पडते, खड्डे किती दाट आहेत, यावरून ती किती जुनी आणि तिच्यावरून काय वाहून गेलं ते ओळखायचं. मंगळावरच्या एका वळणाला तू कितीतरी वर्षं नदीचा काठ समजत होतीस. तो थिजलेल्या लाव्ह्याचा निघाला, तेव्हा माझं चुकलं म्हणून तूच लिहून सगळ्यांना कळवलंस. मला नवल वाटलं होतं. आमच्याकडं चुकलेला माणूस आवाज चढवतो.

यंदा वेळ अमावस्येला तू आलीस. रानात कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, भज्जी आणि आंबील झाली, आणि तू लॅपटॉप उघडून मंगळ दाखवलास. जेवायला आलेला गावातला भीमराज म्हणाला, “हे तर आपलं माळरानच की! उतारा कुणाच्या नावावर हाय?” सगळे हसले. मग तुझे अप्पा म्हणाले, “एवढ्या लांबचं दिसतंय, तर आपल्या रानात पाणी कुठाय ते सांग की.” तू आपल्या रानाचा वरून घेतलेला फोटो काढलास, एका गडद पट्ट्यावर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, “इथनं कधीकाळी ओढा वाहत असावा, अप्पा.” एवढंच. त्यातलं ‘कधीकाळी’ सगळ्यांनी आंबिलीबरोबर गिळलं.

माघात तुझ्या अप्पांनी तिथं बोअर मारली आणि पाणी लागलं. नशीबच म्हणायचं. पण त्या दिवसापासून आपल्या घराचं देऊळ झालं. आधी गावातले आले, मग आळंदकडचे. ज्याला त्याला बोअर मारायची जागा, पॉइंट, दाखवून हवा. तळहातावर नारळ उभा करून पाणी बघणारा शरणबसव पारावर म्हणाला, “धोंडप्पा, तुझ्या लेकीनं माझा नारळ आमटीत घातला.” तुझे अप्पा कुणाकडून पैसा घेत नाहीत, तेवढं खरं सांगते. एक टॉवेल, एक फेटा, आणि पारावर मधली जागा. जन्मभर कडेला बसलेला माणूस तो. फोनवर रानाचा फोटो काढतो, “लेकीला पाठवतो, ती वरून बघती,” म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन खुंटी ठोकतो.

तुला एकही फोटो आला नसंल. मला ते कसं कळलं सांगते. एकदा माणसं बसलेली, मी चहा घेऊन गेले, तर हा कानाला फोन लावून म्हणत होता, “हां शैलू, दिसायलंय का? बांधाच्या वरच्या अंगाला? बरं बरं.” फोन सकाळपासून बंद पडलेला, चार्जर बिघडला म्हणून मलाच त्यानं सांगितलं होतं. मला आधी हसूच आलं. माणसं गेली, मी कपबशा उचलायला गेले, तरी फोन कानाला होताच. आता बोअरचं काही नव्हतं. म्हशीला रेडी झाली ते सांगत होता, दाढ दुखते ते सांगत होता, आणि मधे मधे थांबत होता, तू बोलत असशील तेवढा वेळ. मी कपबशा तशाच ठेवून मागं फिरले. संक्रांतीनंतर तुझा फोन नाही हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही गं. तुझी कामं मला कळतात.

मग भीमराजच्या रानात नुसती धूळ निघाली. अप्पा म्हणाले, मशीन हातभर सरकलं. भीमराजनं पुन्हा मारली, पुन्हा धूळ. तो हसण्यावारी नेणारा, पण त्याची बायको गिरणीत सगळ्यांदेखत तुझ्या आईला म्हणाली, “मंगळाचं पाणी आमच्यापतुर यायला येळ लागायलाय वाटतं.” त्या दिवसापासून तुझी आई घरात.

आणि आता मल्लव्वा. आपल्या बांधाला बांध असलेली, नवरा गेल्यामागं स्वतः औत धरून रान कसणारी. अप्पांनी तिच्या रानात खुंटी ठोकलीय. तिनं बैलजोडी आळंदच्या बाजारात विकली. मी म्हटलं, बाई, औत कशानं हाकशील? तर म्हणाली, “पाणी लागू दे, ट्रॅक्टर सांगंन की.” तिला बाजूला घेऊन सांगितलं, शैलूनं तुझं रान बघितलेलं न्हाई. तर मलाच म्हणते, “चंद्रक्का, तुमच्यात पाणी आलं, आता माझ्यात येऊ लागलं तर पोटात कामून दुखायलंय?” रात्री जेवताना धोंडप्पाला सरळ विचारलं. तो ओरडला नाही. भाकरी कुस्करत बसला आणि म्हणाला, “अक्का, आता न्हाई म्हणलं तर लोक शैलूला खोटी म्हणतील.” तुझं नाव राखायला तो तुझंच नाव बुडवायलाय, आणि त्याला ते कळत न्हाई असंही न्हाई.

म्हणून हे पत्र. बसवजयंती झाली की बोअरची गाडी मल्लव्वाच्या रानात येणार. बैलांचे पैसे अजून तिच्या कनवटीला आहेत, गाडी आली की जातील. माझ्या बोलण्यानं ती थांबत नाही, तुझ्या बोलण्यानं थांबेल. तिचा नंबर वीरेशकडं आहे. हे वाचून झालं की उभ्या उभ्या तिला लाव आणि सांग, मी तुमचं रान बघितलेलं नाही, तिथं पाणी आहे का नाही मला माहीत नाही. गोड करून सांगू नको. गाव तुझ्या अप्पाला हसेल, पारावरची जागा जाईल, मी कळवलं म्हणून तो माझ्याशी बोलणार नाही, ते मी सोसेन. पण आधी मल्लव्वाला, मग अप्पाला. उलटं केलंस तर तो रडेल, आणि बाप रडताना तू गप्प बसशील. तुला अंगाखांद्यावर वाढवलंय मी, मला माहीत आहे. नंतर त्याला लाव. बोअरचं काढू नको, त्यालाच बोलू दे. लाजेनं तो उचलणार नाही. तू लावत राहा.

तुझीच,
चंद्रम्मा अक्का