सुस्तीवरचं औषध, फक्त सहा आठवड्यांत

४ जानेवारी, रविवार, सकाळी ९
काल कारखान्याच्या नोटीस बोर्डावर दोन कागद लागले. पहिला: एक एप्रिलपासून पॅकिंगला नवं मशीन. गोळ्या तेच मोजणार, पट्ट्या तेच भरणार, खोकी तेच चिकटवणार. म्हणजे गेली एकोणीस वर्षं मी जे करून घेतोय ते सगळं. पॅकिंग सुपरवायझरची, म्हणजे माझी, रवानगी गावाबाहेरच्या गोदामात. दुसरा: 'नवीन औषध: शोधापासून बाजारापर्यंत'. तीन महिन्यांचा संध्याकाळचा कोर्स, कर्मचारी आणि घरच्यांसाठी. जो पहिला येईल त्याला संशोधन विभागात चाचण्यांच्या नोंदी ठेवायची जागा.
संशोधन विभाग म्हणजे समोरची काचेची इमारत. कार्ड लावल्याशिवाय दार उघडत नाही. जागा माझीच. बाकीच्यांनी उगाच दगदग करू नये. बायकोचंही नाव घातलंय. नोट्स उतरवायला हाताखाली कुणीतरी हवं.

६ जानेवारी, रात्री ८
पहिला तास. मॅडम माझ्या धाकट्या बहिणीपेक्षा लहान, पण शिकवतात बरं. म्हणाल्या, हजारो रेणू तपासावेत तेव्हा एखादं औषध हाती लागतं आणि त्यात दहा-बारा वर्षं जातात. वर्ग हळहळला. मला हसू आलं. डोक्यावर सुपरवायझर नसला की असंच होतं. मी सहा आठवड्यांत करून दाखवीन.
पुस्तक मिळालं. चारशे बारा पानं. रोज सात पानं वाचणार. निश्चय पक्का.

११ जानेवारी, रविवार
वाचून झालं: प्रस्तावना (बरीचशी).
दुपारी जेवून पुस्तक उघडलं, ते साडेपाचला जाग आली. पुस्तक बायकोच्या हातात. चिडणार होतो, तेवढ्यात डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मॅडम म्हणतात, आधी गरज ओळखा. जेवणानंतरची सुस्ती! सगळ्या जगाला छळते आणि इलाज कुणी शोधलेला नाही. या दुखण्याचा माझ्याइतका अनुभव असलेला माणूस त्यांना दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही.

१८ जानेवारी
कामाने वेग घेतला. खोक्याचं डिझाइन पूर्ण. नारिंगी रंग, वर उगवता सूर्य. नाव 'टक्क फोर्ट'. बॅच नंबर, एक्सपायरी, आतला माहितीचा कागद, 'लहान मुलांपासून दूर ठेवा', सगळं तयार. लेक दहावीत आहे. तिने विचारलं, आत काय आहे? या मुलीला कामाचा क्रम कळत नाही. औषध काय, आठवड्यात होईल. खोक्याचं झाकण नीट बसायला अनुभवी हात लागतो.

२५ जानेवारी
रेणूंची छाननी. स्वयंपाकघरातले एकूण तेवीस डबे. हजारो नाहीत, पण मला बारा वर्षं घालवायची नाहीत. मिरपूड, सुंठ, कॉफी आणि मोहरीची पूड पुढच्या फेरीत. बायको म्हणाली, डबे जागच्या जागी ठेवा. तिला संशोधनाचं वातावरणच नाही.
पुस्तक: पान ९. बॅकलॉग भरून काढणे.

३१ जानेवारी
प्राण्यावरची चाचणी: शेजारच्या शिंप्याचं मांजर. त्याने पुडीचा वास घेतला, शेपटी उडवली आणि खोक्याच्या डिझाइनवर अंग टाकून झोपलं. निष्कर्ष: मांजर आणि माणूस यांत मूलभूत फरक आहे.
माणसावरची पहिली चाचणी: मी स्वतः. सव्वा तास उचक्या. उचक्या चालू असताना क्षणभरही झोप आली नाही. पूर्ण यश.

५ फेब्रुवारी
उद्यापासून मोठी चाचणी. माणसं तीन: मी, शिंपी आणि आमच्याकडे राहणारे सासरे. लेक नाही म्हणाली. अठरा पूर्ण नाहीत, पान २३१ पाहा, म्हणे. तुला कुणी सांगितलं? तर आईने. सासऱ्यांनी संमतिपत्र चष्मा लावून दोनदा वाचलं, अकरा प्रश्न विचारले आणि खाली लिहिलं, 'जावईबापूंच्या समाधानासाठी'.
व्यवस्था चोख. कॅप्सूलचे दोन डबे, एक लाल झाकणाचा, एक निळ्या. एकात माझं औषध, दुसऱ्यात नुसती पिठीसाखर. कुठल्यात काय, ते फक्त बायकोला माहीत. म्हणजे आम्हा तिघांच्या मनाचे खेळ चालायचे नाहीत. आधी आठवडाभर लाल, मग आठवडाभर निळा. बायकोला रकाने आखून नोंदवही बांधून दिली. कुणाला त्रास झाला तर काय करायचं, असं तिने विचारलं. म्हटलं, ताबडतोब मला सांगायचं. चाचणीचा प्रमुख मी आहे.

८ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी ६
तिसरा दिवस. दुपारी डोळे मिटून आकडेवारीचा सखोल विचार केला. मध्येच बायको काहीतरी सांगायला आली. 'हूं' म्हटलं. मोठ्या कामात असे व्यत्यय यायचेच.

१३ फेब्रुवारी
लाल आठवडा संपला. काय सांगू! काल जेवणानंतर चक्क पाच पानं वाचली. शिंपी म्हणतो, दुपारी दोन पँटी जास्त शिवून झाल्या. लाल म्हणजेच माझं औषध. पैज लावायला तयार.

२० फेब्रुवारी
निळा आठवडा भयंकर. बसल्या जागी डुलक्या. साखर ती साखरच.
हिशेब: औषध ऐंशी टक्के यशस्वी. लेक विचारते, तिघांचे ऐंशी टक्के म्हणजे दोन पूर्णांक चार माणसं, तो पॉइंट चार कोण? म्हटलं, शिंपी अंगाने बारीक आहे.
नोंदवही चाळायची राहिली. गरज काय? निकाल मला तोंडपाठ आहे.

१० मार्च
लेखी परीक्षा. माझं पुस्तक पान ३१ पर्यंत पक्कं होतं. प्रश्न सगळे पुढचे. पेपर काढणाऱ्याने सुरुवातीच्या पानांवर अन्याय केला. बायको मात्र तीन तास मान खाली घालून लिहीत होती. अक्षर सुधारत असावी.
मॅनेजरना आजच सांगून टाकलं, गोदामासाठी दुसरा माणूस बघा.

१४ मार्च, दुपारी ४
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.
प्रकल्पाचं सादरीकरण. समोर मॅडम आणि संशोधन विभागाचे मोठे साहेब. आधी खोकं दाखवलं. साहेबांनी झाकण तीनदा उघडून बंद केलं, खूश झाले. मग ऐंशी टक्के. मग जाहीर केलं, की लाल डब्यात औषध होतं हे कुणी न सांगताच मी ओळखलं. मॅडमनी नोंदवही मागितली. ऐटीत दिली. त्यांनी पान उलटलं, थांबल्या आणि मोठ्याने वाचलं:
"दिवस तिसरा, दुपारी अडीच. बाबांच्या छातीत जळजळ. पान २४० प्रमाणे चाचणी थांबवली. बाबांना डॉक्टरांकडे नेलं, आता बरे आहेत. दोन्ही डब्यांत पिठीसाखर भरली. चाचणीच्या प्रमुखांना कळवलं. ते झोपले होते."
साहेब आधी हसले. मग वर्ग हसला. मला वाटत होतं, फरशीने मला पोटात घ्यावं. मी अकरा दिवस साखर खाऊन दुनियेला जागं करत होतो.
घरी येताना बायकोला म्हटलं, निदान नंतर तरी सांगायचंस. म्हणाली, "दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तुम्ही हूं म्हणालात."
सासऱ्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, गोळी गिळायला मात्र सोपी होती.

२१ मार्च
निकाल लागला. लेखीत आणि प्रकल्पात पहिली: बायको. तिने प्रकल्प म्हणून ती नोंदवहीच दिली होती. मी शेवटून दुसरा. शेवटचा जो आहे तो परीक्षेला आलाच नव्हता.
गोदामासाठीच्या दुसऱ्या माणसाचं काय झालं, असं मॅनेजरना विचारलं. अजून कुणी मिळाला नाही म्हणे. ही त्यातल्या त्यात चांगली बातमी.
सगळ्यांना सांगतोय, हिचं नाव मीच घातलं होतं. खरं आहे ते. तरी सांगताना आवाज चढत नाही.

२८ मार्च, संध्याकाळ
बायकोने नोकरीचा फॉर्म भरून आणला. 'पूर्वीचा अनुभव' या रकान्यात तिने लिहिलंय: घरगुती चाचणी, एक. पूर्वीचे वरिष्ठ म्हणून माझं नाव. तिथे माझी सही लागते. मी पेन काढलं, तर म्हणाली, आधी वाचा.
वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. तीन महिन्यांत असं मी काहीच वाचलं नव्हतं. 'पूर्वीचं काम सोडण्याचं कारण' या रकान्यात होतं: 'औषध निरुपयोगी निघालं. वरिष्ठांबद्दल तक्रार नाही. माणूस चांगला आहे.'
डोळ्यांत पाणी आलं. चष्मा पुसायच्या निमित्ताने ते पुसलं. तिच्या ते लक्षात आलं.
सही केली. तारीख घालायला विसरलो. ती तिने घातली.