सिएनाची भिंत

अल-खोबर, गुरुवार, २४ ऑगस्ट २००६

शिसारी आली नुसती. जेवायला बोलावलेल्या ऑफिसच्या मित्राला ह्यांनी इटलीचे फोटो दाखवले. आतच ओटा-शेगडी असलेली आमची भाड्याची कॅम्पर व्हॅन, सिएनाचा चौक, मुलं. मी एकाही फोटोत नाही. असणार कशी? गाव आलं की हे मुलांना घेऊन उतरायचे, "तू तोवर कुकर लाव." इथून, सौदीतून कुकर नेला, कारण ह्यांना बाहेरचं चालत नाही. आणि फोटोत तिघांच्याही हातात पिझ्झा!

"वहिनी, सिएना कसं वाटलं?" मित्राने विचारलं. काय सांगू? पार्किंगची भिंत बघितली, कुकरच्या शिट्ट्या मोजल्या.

"तिला तर फारच आवडलं," माझ्याआधी हेच बोलले. आणि मी? चक्क मान डोलावली. स्वतःचीच किळस आली. आता तरी खरं सांगावं म्हणून तोंड उघडलं, तोच आत कुकरची शिट्टी झाली. उठले.