हैबतराव भावोजींचा न झिजणारा टायर

हमरापूर, ता. पेण
२४ ऑगस्ट १९९७

ती. हैबतराव भावोजी यांच्या चरणी,

दत्तात्रेयाचा नमस्कार पोचावा. वाकून करायचा होता, पण उजव्या गुडघ्याला पट्टी आहे, तेव्हा यंदा उभ्यानेच केलेला मान्य करून घ्यावा. बडोद्याची हवा मानवली असेल, कंपनीचं ट्रेनिंग नीट चाललं असेल आणि तिथल्या गोड आमटीने पोट बिघडलं नसेल, अशी आशा करतो. मालूताई रोह्याला सुखरूप आहे. ही ओळ तुमच्या समाधानासाठी लिहिली. पुढचं सगळं पत्र माझ्या समाधानासाठी आहे.

मी गाडीवरून पडल्याचं कळल्यावर लिहिलेलं तुमचं पत्र परवा मिळालं. तीन पानांत चार ओळी ताईच्या चौकशीच्या आणि बाकी सगळ्या टायराच्या. रस्ता वाईट, चालवणारा वाईट, पाऊस वाईट, टायर मात्र निर्दोष, आणि तो अजून चार वर्षं गाडीवरून उतरवायचा नाही, असा तुमचा हुकूम आहे. भावोजी, तुमच्या लग्नाला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत मी तुमचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. (घराला रंगसुद्धा तुमच्या सांगण्यावरून शेवाळी दिला, कारण तो मळत नाही. रंगाचा धंदा माझा, तुम्ही कंपनीच्या स्टोअरमध्ये, तरी दिला.) पण हा हुकूम मी मानणार नाही. आधी हे स्पष्ट लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा गैरसमज व्हायला नको.

मुळात जूनमध्ये माझ्या मोटारसायकलचा मागचा टायर गुळगुळीत झाला, तेव्हाच मी चुकलो. पेणला एसटी स्टँडजवळच्या काळुरामने माझ्यापुढे दोन टायर ठेवले होते. एकाचं रबर मऊ, खोल खाचांचं, नख दाबलं की खूण उठायची. दुसरा इतका कडक की माझंच नख वाकलं. काळुराम म्हणाला, "ह्यो मऊवाला लवकर मरंल, पन तुला नाय मारनार." त्याला गिऱ्हाईक परत परत यायला हवं असेल, असं मला वाटलं. (माणसाबद्दल वाईट विचार आला की तो तुमच्या आवाजात येतो, हा माझा जुना अनुभव आहे.) आदल्याच रविवारी तुम्ही आमच्या ओट्यावर बसून सांगितलं होतंत की टायर घ्यावा तर कडक, तुमचा पाच वर्षं चालला आहे. मी कडक घेतला.

आता तुमचा टायर पाच वर्षं का चालला, ते लिहितो, कारण तुमच्या तोंडावर हे बोलायची माझी छाती नाही. तुमची गाडी घरापासून रोहा स्टेशनपर्यंत जाते आणि परत येते. ढग आले की तिच्यावर ताडपत्री पडते आणि तुम्ही कंपनीच्या बसने शिफ्टला जाता. माझं काम नेमकं पावसातलं. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारे लोक थोडे, आणि आषाढ लागला की हमरापूर, पेण, नागोठणे, रोहा सगळीकडून बोलावणी येतात. पेटीत ब्रश घालायचे आणि चिखल तुडवत निघायचं. मला पाच वर्षं टिकणारा टायर नको होता. मला वळणावर टिकणारा हवा होता.

नागपंचमीला माहेरी आलेल्या ताईला मी अकरा तारखेला रोह्याला सोडायला निघालो. टाकीवर माझी ब्रशांची पेटी, मागे ताई, ताईच्या मांडीवर पोह्याच्या पापडांचा डबा. पाऊस भुरभुरत होता. नागोठण्यापर्यंत काही झालं नाही. भिसे खिंडीतल्या उतारावर वळण घेतलं आणि समोर सहा म्हशी. मी ब्रेक दाबला. चाक थांबलं, गाडी थांबली नाही. मागचं चाक बाजूने येऊन पुढच्या चाकाला भेटायला निघालं, गाडी आडवी झाली आणि मी गुडघ्यावर घसरत थेट म्हशींपर्यंत गेलो. (म्हशींनी बाजूला होऊन वाट दिली. वेग बेताचा होता, हे त्यांनाही पटलं असावं.)

मी मागे वळून हाक मारली. ताई दिसेना. दुसऱ्यांदा हाक मारली, तरी उत्तर नाही. भावोजी, तेवढा वेळ मी काय काय पाहिलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही आणि इथेही लिहीत नाही. मग गटाराच्या पलीकडच्या भाताच्या खाचरातून आवाज आला, "दत्तू, मी हाय बरी. तुझा हात बघ आधी." कमरेपर्यंत चिखल, डबा डोक्यावर धरलेला, आणि तिला काळजी माझ्या हाताची. हात खरंच मनगटात मुरगळला होता, आणि तोच ब्रशाचा.

मग ती वर आली आणि टायराकडे बघत उभी राहिली.

"टायर तर नवाच हाय रं."

"व्हय. अजून चार वर्सं नवाच राहील."

"कोनी घ्यायला सांगितला?"

मी तुमचा मान राखून गप्प बसलो. पण माझं गप्प बसणं तिला लहानपणापासून पाठ आहे.  ती पुन्हा गाडीवर बसली नाही, मागून आलेल्या एसटीने रोह्याला गेली.

रोह्याच्या डॉक्टरांनी आठ दिवस ब्रश धरायचा नाही म्हणून सांगितलं. तिथे रंभाबाईंच्या कारखान्यात चाळीस मूर्ती डोळ्यांवाचून बसलेल्या. रंभाबाई चांगली बाई, म्हणाली, "हाताला आराम दे, गनपती कुटं जातात?" पण चतुर्थीची तारीख तर पुढे जात नाही ना. तिसऱ्या दिवशी मी उजवा हात डाव्या हाताने धरून कामाला बसलो. एकेका बुबुळाला श्वास रोखायचा आणि मनात तुमचं नाव घ्यायचं. (कोणत्या शब्दांसकट, ते विचारू नये.)

तर आता ऐकावं. सोळा तारखेला मी काळुरामकडे जाऊन मऊ टायर टाकून घेतला. तो वर्षभरात संपेल. संपू दे! मग दुसरा घेईन, तोही मऊ, आणि तिसराही मऊच. टायराने रस्त्याला घासून संपावं, त्याचा जन्मच त्यासाठी आहे. माझ्या बहिणीचा नाही. तुमचा तो न झिजणारा टायर मी तुमच्या पडवीत नेऊन ठेवला आहे. त्याची उरलेली चार वर्षं तुम्ही खुशाल भोगा, पण पावसात ताईला मागे बसवायचं नाही. हे मी विचारत नाही, सांगतो आहे.

पत्रात काही जास्त लिहिलं गेलं असेल, तर तसंच राहू द्यावं. मुद्दाम लिहिलं आहे.

आपला,
दत्तात्रेय

ता. क. – मऊ टायर उत्तम आहे. आठ दिवसांत त्याच्यावरचे रबराचे बारीक केस मात्र गेले. रोज सकाळी काडी घालून खाचेची खोली बघतो. तेव्हा ज्या दिवशी ऊन असेल, त्या दिवशी मी एसटीनेच जातो. चांगला टायर कोरड्या रस्त्यावर उगाच कशाला झिजवा? हे काळुरामला कळवू नये.

ता. क. दुसरा – पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. त्या चाळिसांत तुमच्या घरची मूर्ती होती. घरची म्हणून मी तीच आधी घेतली, आणि पहिल्या दिवशी हात फार ठणकत होता. उजवा डोळा समोर बघतो. डावा जरासा दाराकडे वळला आहे. मी पुसून पुन्हा काढणार होतो, पण मूर्ती बघायला कारखान्यात आलेल्या ताईने ब्रश काढून घेतला. म्हणाली, "ऱ्हाऊ दे तसाच. हे गाडी बाहेर काढतात तवा कोनीतरी बघनारं पायजे." तेव्हा कृपा करून मूर्ती आहे तशी पाटावर बसवावी, आणि दर्शनाला येणाऱ्यांनी विचारलं तर आखणी पनवेलच्या माणसाची आहे असं सांगावं.